तांदळातला कातळ

नथूचा टेम्पो कल्याणहून परत आला तेव्हा मागे एकच गोणी होती, आणि ती उतरवायला दोन माणसं लागली. नथूनं ती गोदूच्या पडवीत टाकली, तोंडाची सुतळी कापली आणि बाजूला झाला. आत दगड होते. काळे, काही मुठीएवढे, काही नारळाएवढे. खाचांमध्ये तांदळाची पांढरी भुकटी बसलेली.

"शेठनं धाडलेत," तो म्हणाला. "बोलला, तुमच्या बायांचा माल तुमाला परत."

पाड्याचा तांदूळ घेणाऱ्या कल्याणच्या शेठच्या गोदामात गोण्या रिकाम्या करताना एकीतून दगड घरंगळला. मग शेठनं साऱ्याच गोण्या फाडायला लावल्या. कितीतरी गोण्यांच्या पोटात दगड निघाले. वर तांदूळ, खाली तांदूळ, मध्ये दगड. त्यानं तांदूळ ठेवून घेतला, फाटक्या गोण्या फेकल्या, दगड मात्र एका गोणीत भरून मुद्दाम परत पाठवले. आणि यापुढे या पाड्याचा दाणाही नको म्हणून सांगितलं.

डोळखांबच्या वरच्या अंगाला रानालगत असलेल्या त्या पाड्यातल्या बायांनी गट केला होता, त्याला चौथं वर्ष लागलं होतं. प्रत्येक घरानं सारख्या वजनाची एक गोणी द्यायची, गोणीवर कुणाचं नाव घालायचं नाही, माल सगळ्यांचा म्हणून जायचा, असा गोदूचाच नियम. गोदू गटाची मुख्य. पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटक, जिभेनं त्याहून. काटा तिच्या पडवीत टांगलेला असे आणि वजनाला तीच उभी राही. तिथं ती कुणाची नव्हती. गोणी हलकी भरली तर सख्ख्या मैत्रिणीलाही माघारी धाडी. त्याच गोदूच्या पडवीत आता दगडांचा ढीग पडला होता आणि सगळा पाडा भोवती उभा होता.

पहिलं बोट दर्शनाकडे गेलं, आणि ते साहजिकच होतं.

दर्शना मूळची शेणव्याची, शेतकऱ्याचीच मुलगी. मुंबईच्या एका संस्थेत दगडांवर संशोधन करत होती. कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतच्या डोंगरांतले कातळ हातोडीनं फोडायचे, तुकडे पिशव्यांत भरायचे आणि न्यायचे, हे तिचं काम. पावसाळा संपल्यापासून ती गोदूच्या घरी मागच्या खोलीत राहत होती. तिच्या दगडांची पोती पडवीतच, तांदळाच्या गोण्यांच्या शेजारी ठेवलेली असायची. सुरुवातीला लोकांना वाटलं, ही धरणाची मोजणी करायला आली. नंतर वाटलं, खदान काढायला आली. शेवटी कंटाळून लोकांनी तिला दगडवाली म्हणून सोडून दिलं होतं.

आता सगळं पुन्हा वर आलं. जना म्हणाली, दगड गोळा करणारी घरात आणि दगड तांदळात, यात इचारायचं काय राहिलं. कमळ, गोदूच्या शेजारची, तिच्याच साली लग्न होऊन पाड्यात आलेली, तीही मान हलवून म्हणाली की पोर दिसते साधी, पण कुणाच्या पोटात काय, कुणी बघितलं. काही जणींचा संशय नथूवर होता. वाटेत गाडी कुठं थांबवली का, असं त्याला तीनतीनदा विचारलं. तो दर वेळी सांगे, किन्हवलीवरून सरळगाव, मुरबाड आणि थेट कल्याण, चहालासुद्धा उतरलो नाय. आणि ज्या काही बोलल्या नाहीत त्या गोदूकडे बघत होत्या. काटा तिचा, पडवी तिची, गोण्या शिवल्यावर रात्रभर राहिल्या तिच्या घरात, दगडवालीही तिच्याच घरात. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण गोदूला ते पाठीवर चटक्यासारखं कळत होतं.

बाया पांगल्यावर दर्शना ढिगाशेजारी बसली. एकेक दगड उचलून उन्हात धरून बघू लागली. गोदू दारातूनच तिच्यावर नजर ठेवून होती.

"मावशी," ती म्हणाली, "मला हे दगड तपासायला द्या. कुठले आहेत ते सांगता येईल."

गोदू म्हणाली, दगड तो दगड. इथून कसाऱ्यापर्यंत सगळा काळाच हाय.

"म्हैस काय चरली ते दुधाच्या वासावरून कळतं ना तुम्हाला? तसंच आहे हे. हा सगळा कातळ एकेकाळी जमिनीतून वर आलेला रस. तो एकदाच नाही आला, पुन्हा पुन्हा आला, थरावर थर. वर येताना खालचा जुना खडक थोडा थोडा खात आला. कुठल्या थरानं काय खाल्लं, किती खाल्लं, ते त्याच्यात उतरलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही. पण बेरियम किती, झिर्कोनियम किती, स्ट्राँशियमच्या हलक्या आणि जड अणूंचं एकमेकांशी प्रमाण काय, हे यंत्रावर मोजलं की थर ओळखता येतो. इथल्या आसपासच्या थरांची मोजमापं माझ्याकडे आहेत."

"आन चोर?"

"दगड कुठला ते सांगेन. कुणी उचलला, ते दगडात नसतं."

गोदूनं रात्रीपर्यंत विचार केला. जिच्यावर आळ, तीच म्हणते मी तपास करते. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्यातला प्रकार. पण न द्यावेत तर दगड पडवीत पडून राहणार आणि बाया रोज त्यांच्याकडे बघून मग आपल्याकडे बघणार. सकाळी उठून तिनं हो म्हटलं, आपल्या अटीवर. प्रत्येक दगड तिच्यासमोर फोडायचा. अर्धा दर्शनानं न्यायचा, अर्धा गोदूच्या पत्र्याच्या पेटीत राहील, आणि दोन्ही तुकड्यांवर सारखा आकडा घालायचा. दर्शना लगेच कबूल झाली. इतकी लगेच, की गोदूचा संशय आणखी वाढला.

म्हणून तिनं आणखी एक गोष्ट केली आणि ती भिमालाही, म्हणजे नवऱ्यालाही, सांगितली नाही. गोदूचं माहेर कसाऱ्याच्या खाली, घाटाच्या पायथ्याशी. लग्नात आईनं दिलेला वरवंटा तिच्या बापानं घरामागच्या ओहोळातला दगड घडवून घेतलेला होता. तो मागेच तुटला होता आणि त्याचा तुकडा कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेला होता. गोदूनं तो काढला, घडवलेली बाजू ठेचून टाकली, तांदळाच्या पिठात घोळवला आणि ढिगात सरकवून दिला. मनात म्हणाली, बघू आता हिचं यंत्र काय बोलतं. हा पण डोळखांबचा म्हणून सांगितलंस, तर तुझं सगळंच खोटं.

दर्शना तुकडे घेऊन मुंबईला गेली. दगड दळायचे, आम्लात विरघळवायचे, यंत्रावर आपली पाळी यायची वाट बघायची, वेळ लागेल, असं सांगून गेली होती.

तो मधला काळ वाईट गेला. पूर्वी दुपारी बाया गोदूच्या पडवीत निवडण-टिपण घेऊन बसत. आता यायच्या त्या कमळ आणि एखादी दुसरी. जना पाण्याला जाताना वरच्या वाटेनं जाऊ लागली. कुणाच्या घरी तांदळाचं पीठ दळलं गेलं की दुसरी विचारी, यंदा बराच उरला वाटतं. भाकऱ्या करायच्या त्या नाचणीच्याच करा, तांदळाच्या दिसल्या तर लोक नावं ठेवतात, असं एकीनं दुसरीला सांगितल्याचं गोदूच्या कानावर आलं. गोदू स्वतःही काही वेगळी नव्हती. विहिरीवर कोण कुणाशी बोलतंय, कोण बोलता बोलता थांबतंय, हे ती मनात टिपू लागली.

आणि एक संशय तिनं कुणाजवळ काढला नाही. गोण्या पडवीत होत्या त्या रात्री तिथं भिमा झोपला होता. भिमा अबोल माणूस. त्या आठवड्यात तो दोनदा शेणव्याला जाऊन आला होता आणि कशाला, ते तिनं विचारल्यावर काम होतं एवढंच बोलला होता. एके दुपारी तो रानात गेल्यावर गोदूनं कणगीत हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. तांदूळ असायला हवा त्याहून जास्त आहे का, हे ती चाचपून बघत होती. जास्त नव्हता. हात बाहेर काढून ती वळली तर दारात भिमा उभा. कोयता विसरला म्हणून परतला होता. त्यानं तिच्या पिठाळलेल्या हाताकडे बघितलं, कोयता घेतला आणि निघून गेला.

होळीच्या आधी दर्शना आली. गोदूनं तिला आत घेतलं, दार लोटलं आणि पाणीसुद्धा न विचारता समोर बसली.

दर्शना म्हणाली की दगड एका ठिकाणचे नाहीत. बरेचसे, म्हणजे निम्म्याहून खूपच जास्त, मुरबाडच्या अलीकडच्या एका उभ्या कातळाचे आहेत. तिथं जुने आडवे थर चिरून नवा रस भिंतीसारखा वर आलेला आहे आणि आता तिथं खडीसाठी खदान आहे. त्या कातळाची मोजमापं आजूबाजूच्या कुठल्याच थराशी जुळत नाहीत, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

मग ती म्हणाली,

"एक दगड मात्र मला कळत नाही. तो कसाऱ्याकडचा आहे. घाटाच्या पायथ्याचा, अगदी खालच्या थरातला. तो यात कसा आला, मी दोनदा तपासला."

म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. गोदू म्हणाली, "तो माझ्या आईचा वरवंटा. मीच टाकलेला."

दर्शनाला कळायला क्षणभर लागला. तिला राग आला असावा, कारण तिनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पण मग म्हणाली, बरं केलंत, मीही तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

"आन बाकीचे? मुरबाडचे बोललीस, मग उरले ते?"

"उरलेले पाच-सहा दगड इथले आहेत. आपल्या पाड्याच्या वर जो सपाट माळ आहे, जिथं तुमची नाचणी असते, त्या थरातले. पाड्याखालच्या कातळाशी जुळत नाहीत. मावशी, माझे या पाड्यावरचे नमुनेही त्याच थरातले आहेत. पडवीत ठेवलेले. म्हणजे हे सांगितलं की बोट परत माझ्याकडेच येणार. तरी आहे ते असं आहे."

गोदू त्या पोरीकडे बघत राहिली. हे गिळून टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिच्यावरचा संशय त्या घटकेला गेला, पण त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. वरच्या माळावर वरकस, म्हणजे नाचणीची हलकी जमीन, तीनच घरांची. जनाची, कमळची आणि गोदूची. गोदूच्या वरकसाचे दगडी बांध घालायचं काम भिमा करी.

ती म्हणाली, मुरबाडचं तेवढं बैठकीत सांग. वरच्या माळाचं राहू दे.

दर्शनानं नाही म्हटलं. "मग सगळं नथूदादाच्या अंगावर जाईल. त्यानं न केलेलंसुद्धा. आणि उद्या कुणी म्हणालं, हिनं आपल्याच दगडांचं लपवलं, तर मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी गोदू सकाळीच माळावर गेली. गवत वाळून पिवळं झालं होतं, पाय घसरत होते. ती आधी आपल्याच वरकसात गेली. बांधाच्या कडेनं हळूहळू चालली, प्रत्येक दगडाला हात लावत. दगड एकमेकांत बसलेले, त्यांच्यावर पावसाळ्यातलं शेवाळ सुकून काळं झालेलं. कुठून काही काढलेलं नव्हतं. मग ती शेजारच्या दोन वरकसांकडे वळली. जनाचा बांधही धड होता. कमळच्या बांधाला मधोमध खिंड होती, आणि दगड निघाले तिथली माती अजून उघडी होती.

ती तिथं उभी असतानाच कमळ खालून लाकडाची मोळी घेऊन वर आली. गोदूला बघून थांबली. मोळी खाली टाकली.

"शोधू नको, गोदे. मीच नेले."

गोदूला धक्का बसला नाही. तिनं विचारलं ते एवढंच, का. कमळ सांगू लागली. डुकरांनी तिचं शेत कापणीच्या तोंडावर लोळवलं होतं. घरी आला तो निम्मा फोल. गोणी भरतच नव्हती.

"मग सांगायचं होतंस मला."

"कुणाला, तुला?" कमळचा आवाज चढला नाही. "गेल्या साली माझी गोणी उलीशी हलकी होती. तू सगळ्यांदेखत काट्यावरनं उतरवलीस, बोललीस, घरी ने आन भरून आण. मी डोक्यावर घेऊन त्यांच्या समोरनं गेले. काट्याजवळ उभी राहिलीस की तू माझी कोण नसतेस."

गोदूला ते आठवत होतं. तेव्हा तिला आपल्या सरळपणाचा अभिमान वाटला होता.

पण राग होताच, आणि तिनं तो लपवला नाही. ती म्हणाली, दगड घातलेस ते मी समजून घेईन. पण इतके दिवस माझ्या पडवीत बसून तू त्या परक्या पोरीला चोर बोललीस. मी माझ्या नवऱ्याच्या मागे कुत्र्यासारखी हुंगत फिरले. ते तू बघत होतीस.

"बघत होते," कमळ म्हणाली. "रोज वाटायचं आज सांगीन. दगड इतके निघाले ते बघून मलाच कळेना. मी घातले मूठभर, आले पोतंभर. वाटलं, आता सांगितलं तर सगळेच माझ्या नावावर."

बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर झाली. गोदूनं कमळला काही सांगितलं नव्हतं, बोल म्हणून नाही की गप्प राहा म्हणून नाही. दर्शनानं आधी मुरबाडच्या खदानीचं सांगितलं. सगळ्या माना नथूकडे वळल्या. तो आधी उसळला, मशिनला काय कळतं म्हणाला. पण खदानीच्या कातळाचं तिनं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो बसला. माल घेऊन निघाला त्या रात्री तो थेट कल्याणला गेलाच नव्हता. मुरबाडला बहिणीकडे जेवण होतं म्हणून टेम्पो ओळखीच्या एका गोदामाच्या आवारात लावून तो बहिणीच्या घरीच झोपला होता. आवारात खदानीतून आणलेल्या दगडांचा ढीग होता. चावी गोदामवाल्याकडे ठेवली होती. आपण तांदळाला हात लावला नाही, असं तो मुलांच्या शपथा घेऊन सांगत राहिला. ते खरं की खोटं, हे कुणालाच ठरवता आलं नाही, कारण दगड तेवढंच सांगू शकत होते. पण थांबलो नाही असं तो महिनोन्महिने खोटं बोलला होता, आणि ते पुरेसं होतं. त्याच्या टेम्पोत माल घालायचा नाही असं ठरलं. गोदामवाल्याला जाब विचारायला जनाचा नवरा आणि आणखी दोघं मुरबाडला गेले. त्यानं त्यांना आवारातही घेतलं नाही.

मग दर्शनानं वरच्या माळाच्या दगडांचं सांगितलं. जना दर्शनाकडे वळली, तिनं तोंड उघडलंही, तेवढ्यात कमळ उठून उभी राहिली.

"तिच्याकडे बघू नका. ते माझ्या बांधाचे."

तिनं डुकरांचं सांगितलं, गोणीचं सांगितलं. गेल्या सालच्या काट्याचं मात्र सांगितलं नाही. ते गोदूनं सांगितलं, उठून, स्वतःच्या तोंडानं. कुणी रडलं नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. एक म्हातारी म्हणाली की डुकरं सगळ्यांच्याच शेतात शिरतात, म्हणून काय सगळ्यांनी दगड भरायचे. ते खरंच होतं आणि कमळनं ते मुकाट ऐकून घेतलं. जनानं दर्शनाला उद्देशून एवढंच म्हटलं, जेवायला ये कधी घरी. दर्शना हो म्हणाली.

त्या संध्याकाळी गोदूनं भिमाला ताट वाढलं. तो जेवू लागला. निम्मी भाकर संपल्यावर म्हणाला,

"माझ्यावर पण होता ना?"

गोदूला खोटं बोलता आलं असतं.

"होता," ती म्हणाली.

त्यानं घास चावून गिळला. मग सांगितलं की शेणव्याला तो वैदूकडे जात होता. गुडघा धरला होता, पण कामाच्या दिवसांत सांगून काय करायचं म्हणून बोलला नव्हता. गोदूनं आमटी वाढली. त्यानं नको म्हटलं नाही.

शेठनं काही परत माल घेतला नाही. पुढच्या साली गटानं शहापूरचा एक दुकानदार गाठला, त्यानं थोडाच माल घेतला, तोही पारखून. काटा गोदूनं आपल्या पडवीतून काढून समाजमंदिरात नेला आणि वजनाला पाळीपाळीनं दोघी दोघी उभ्या राहू लागल्या. ज्या घराचं पीक गेलं त्यानं आधी सांगायचं, त्याची गोणी बाकीच्यांनी मिळून भरायची, असं ठरलं. पण वजनाआधी प्रत्येक गोणी ताडपत्रीवर ओतून दाखवायची, हेही ठरलं. ती सूचना कमळची होती. पहिल्या वर्षी दोन घरांनी सांगितलं, त्यातलं एक जनाचं. कमळ आणि गोदू दुपारी एकत्र बसतात, पूर्वीसारख्या रोज नाही. बोलतात ते लेकींचं, पावसाचं. दर्शनाचं काम संपलं, ती आपली पोती घेऊन गेली. जाताना जनानं तिला नाचणीचं पीठ बांधून दिलं. तिनं ते घेतलं, आणि गाडीत ठेवण्याआधी बायांच्या देखत उघडून दाखवलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं.